स्वयंपाकघरातलं पुढचं चाक

मोठे साहेब, माझ्या स्वयंपाकघरात मोटारसायकल उभी आहे आणि ती तुम्ही घातलीत.

हात माझे होते, मान्य. पण ढकलायला लावलं तुम्ही. वरच्या मजल्यावरच्या तुमच्या गार खोलीत बसून तुम्ही एका कागदावर सही ठोकलीत, आणि त्या सहीचं पुढचं चाक आज आमच्या ओट्याला टेकलंय. ओट्याखालच्या कपाटात कुकर असतो. तो काढायचा तर बायकोला आधी चाकाशी बोलणी करावी लागतात.

पूर्ण गाडी स्वयंपाकघरात आहे असं मी म्हणणार नाही. मोघम लिहिणं हे तुमच्या खात्याचं काम, माझं नाही. पुढचं चाक, दिवा आणि हँडल स्वयंपाकघरात. टाकी दाराच्या चौकटीत. सीट, मागचं चाक आणि नंबराची पाटी गॅरेजात. तुमच्या निरीक्षकांना नेमकं हेच खुपलं, पण त्यांच्याकडे मी नंतर येतो. आधी तुमच्याकडे.

तुमची माणसं आमच्या गल्लीत आली आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळा पट्टा ओढला. ओढताना शेजाऱ्यांचं मांजर मधे बसलं होतं. ते हलेना, म्हणून त्याच्याभोवती वळसा घालून पट्टा पुढे नेला. मांजर उठून गेलं, वळसा अजून आहे. येऊन बघा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही माणसं मांजराला वळसा घालतील, माणसाला घालणार नाहीत.

पट्ट्यापाठोपाठ नियम आला. गल्ली अरुंद, आगीचा बंब वळत नाही, तेव्हा संध्याकाळनंतर पट्ट्याच्या आत एकही वाहन दिसता कामा नये. बंब वळावा असं मलाही वाटतं. मी काही माथेफिरू नाही. ज्यांच्या घराला गॅरेज नाही त्यांना कोपऱ्यावरच्या मैदानात गाडी लावायचा परवाना. ज्यांच्या घराला गॅरेज आहे त्यांनी गाडी गॅरेजात ठेवावी. वाचायला किती सोपं आहे बघा. नियम लिहिणाऱ्याला वाटत असावं की गॅरेज नावाची खोली लोक रिकामी ठेवतात आणि तिच्याकडे बघत बसतात.

आमच्या गॅरेजात वॉशिंग मशीन आहे. बायकोचं शिवणयंत्र आहे, कापड कापायचं लांब टेबल आहे, पडद्यांचे तागे आहेत. ती पडदे शिवते आणि घराचा निम्मा भार त्या पडद्यांवर टांगलेला आहे. शिवाय एक मोडकी खाट, उरलेल्या फरशा, तळ गेलेली बादली आणि घर बांधणाऱ्यानं विसरलेली शिडी. मागच्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार. आमची गल्ली उताराची, म्हणून गॅरेजही आतल्या बाजूला उतरतं आणि त्याच्याखाली एक पायरी उतरलं की ओटा. हा उतार लक्षात ठेवा.

आता गाडी. गाडी माझी नाही. माझी असती तर मी तुमच्या ट्रकला स्वतः हात दाखवून थांबवलं असतं आणि वर चढवून दिली असती. गाडी सासऱ्यांची. बाबा टेलिफोन खात्यात तारा जोडायचे. खांब जिथे जाईल तिथे ही गाडी जायची. जड, काळी, जुन्या घडणीची. एका माणसानं उचलायची नाही, दोघांनी उचलली तर तिसऱ्यानं डॉक्टरला बोलवायचं. आता बाबांच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात. उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. सासूबाई गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि आमच्याकडे आले. येताना एक ट्रंक आणि ही गाडी.

आमच्याकडे ते पाहुण्यासारखे राहतात. याचा मला राग येतो, पण कोणावर काढू. पाणी हवं असलं तरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून विचारतात, "आत येऊ?" पोटची पोर आत भाजी चिरतेय आणि हे परवानगी मागतायत. ती म्हणते, "बाबा, या की." तरी हे बाहेरच उभे. पाणी हातात मिळालं की "बरं" म्हणून आपल्या खोलीत. फक्त सकाळी दार उघडून बाहेर जातात, हातानं चाचपत सीट शोधतात, वर बसतात, गाडी चालू करतात आणि थोडा वेळ नुसतं ऐकतात. मग बंद. हँडल डावीकडे वळवून कुलूप, किल्ली खिशात. खांबावर चढायच्या आधी हँडलला कुलूप घालायची खात्यातली सवय.

एकदा मी म्हटलं, "बाबा, विकून टाकू या का? उगाच ऊनपाऊस खातेय."

ते म्हणाले, "जावईबापू, घर तुमचं आहे, चांगलं आहे. माझी तक्रार नाही. पण बाहेर माझं काहीतरी उभं आहे, म्हणून मला आत बसता येतं."

त्यानंतर मी विकायचं नाव काढलं नाही. काढून दाखवा तुम्ही.

म्हणून मी तुमच्या कार्यालयात आलो, मैदानाचा परवाना मागायला. खिडकीत एक बाई होत्या.

"घराला गॅरेज आहे का?"

"आहे. पण त्यात गाडी मावत नाही."

"का मावत नाही?"

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, "त्यात मिसेसचं शिवणकाम चालतं."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे गॅरेजचा वापर तुम्ही गॅरेज म्हणून करत नाही."

"करतो की. वॉशिंग मशीनपण तिथेच आहे."

"अहो, तुम्ही आता बोलू नका," रांगेत माझ्यामागे उभा असलेला माणूस हळूच म्हणाला. तो माझा हितचिंतक होता. मी ऐकलं नाही.

"गॅरेजात वाहन नसेल तर ते गॅरेज नाही," बाई म्हणाल्या. "आणि ते गॅरेज नसेल तर ते जास्तीचं बांधकाम."

"मग मला गॅरेजच नाही असं धरा. मैदानाचा परवाना मिळेल?"

"मिळेल. बांधकाम पाडल्यावर."

हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाल्या. मग त्यांनी तारीख दिली. शुक्रवारी संध्याकाळी निरीक्षक येतील, त्या वेळी वाहन गॅरेजात दिसलं पाहिजे. रस्त्यावर दिसलं तर उचलणारा ट्रक त्यांच्याबरोबरच असतो.

"उचलली तर सोडवायला कुठे यायचं?"

त्यांनी गाडीचं साल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "इतकी जुनी? मग सोडवायचं काही नसतं. या वयाच्या गाड्या यार्डातून थेट भंगारात. दाबून टाकतात." आणि दाबतात कशा ते त्यांनी दोन तळहात एकमेकांवर ठेवून दाखवलं. मधे जी फट उरली तिच्यातून पोस्टकार्ड गेलं असतं.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग लावा गॅरेजात. तुम्ही गोदामात काय करता दिवसभर?"

हा घाव वर्मी होता. मी गोदामात सामान रचायचं काम करतो. लोक ट्रक भरून माल आणतात आणि म्हणतात, हा मावणार नाही. मी बघतो आणि मावतो. त्यावर माझं पोट आहे आणि जी काही थोडी इज्जत आहे तीही त्यावरच आहे. मी म्हटलं, "शुक्रवारी दुपारी तू बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात जा. परत येशील तेव्हा गाडी आत असेल, तुझं मशीन जागेवर असेल आणि टेबलसुद्धा हललेलं नसेल."

"बाबा आल्यावर करा. किल्ली त्यांच्या खिशात असते."

"किल्ली कशाला? चालवायची नाहीये, ढकलायचीये."

मग म्हणाली, "टेबलावर सभागृहाचे पडदे आहेत. लाल मखमल. त्याला हात लावू नका." एवढंच. त्या वाक्यात लग्नापासूनचा सगळा अनुभव होता.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच मोजणीकाकांना सांगितली. मोजणीकाका आमचे शेजारी, मांजर त्यांचंच. उभा जन्म जमीनमोजणीच्या सरकारी नोकरीत गेला. निवृत्त झाले, पण टेप खिशातून गेला नाही. त्यांनी शुक्रवारी दुपारी गॅरेज मोजलं. उंची मोजली. मी म्हटलं, "काका, उंची कशाला? गाडी उभी नाही करायचीये." ते म्हणाले, "मोजून ठेवलेलं वाया जात नाही." मग गाडी मोजली, दोन टोकांत टेप धरून. डोळे मिटले, ओठ हलले, निकाल आला. "तिरकी घातली की बसते. वर एक वीत शिल्लक. त्या वितीत मी मोडकी खाट उभी बसवून देतो."

मी हँडलला हात घातला. हँडल डावीकडे वळलेलं. सरळ करायला गेलो. होईना.

मोजणीकाकांनी निरीक्षण नोंदवलं, "कुलूप आहे."

"दिसतंय."

"मी सरळ धरून मोजलीय."

"काका, तुम्ही मोजली तेव्हाही ती अशीच होती."

"मोजताना मी गृहीत धरतो," काका म्हणाले. "शेतातला खड्डा मी मोजत नाही, साहेब. सपाटी धरूनच मोजायचं असतं." रागावले की ते मला साहेब म्हणतात.

हँडलला डावीकडे कुलूप असलेली गाडी ढकलली की ती कुठे जाते माहीत आहे? डावीकडे. परत ढकलली की परत डावीकडे. आम्ही ती घराच्या पायरीपाशी नेली, शेजारच्या फाटकापाशी नेली, आणि एकदा मोठी फेरी मारून जिथून निघालो तिथेच परत आणली. समोरच्या खिडकीतल्या आजी म्हणाल्या, "छान चाललंय. कधीपर्यंत आहे?" बायकोला फोन लावला. ती म्हणाली, डोळ्यांत औषध टाकलंय, नंबर लांब आहे, संध्याकाळ होईल. मी किल्लीबद्दल काही बोललो नाही. माणसाला थोडी लाज असते.

तेव्हा मला वॉशिंग मशीनचा स्टँड दिसला. चौकोनी, खाली चार छोटी चाकं. पुढचं चाक त्या स्टँडवर चढवायचं, म्हणजे ते कुठल्याही दिशेला वळलेलं असेना, गाडी सरळ जाईल. गोदामात आम्ही हेच करतो. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि पुढे जे झालं ते सगळं त्या अभिमानातून झालं.

आम्ही दोघांनी मशीन उचलून बाजूला ठेवलं. बायको जाताना त्यात कपडे टाकून गेली होती हे आम्हाला माहीत नव्हतं. मशीनची मागची नळी सुटून खाली पडली आणि साबणाचं पाणी, जे इतका वेळ निमूट बसलं होतं, ते उतार बघून निघालं. गॅरेजभर फेस. मी पुसायला फडकं शोधत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. पीं, पीं, पीं. ट्रक मागे घेताना वाजतं तसं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फडकं टाकलं.

पुढचं चाक स्टँडवर चढवलं, पडद्याच्या दोरीनं बांधलं. मी हँडलपाशी, काका मागे कॅरियर धरून, उतारावर गाडी सुटू नये म्हणून. शटर वर. इंचाइंचानं आत. पीं पीं जवळ येत होतं. कोणाच्या तरी स्कूटरला हुक लागल्याचा आवाज आला, साखळी खडखडली, एक बाई काहीतरी ओरडली आणि गप्प झाली. माझे हात घामानं निसटायला लागले. पुढचं चाक शटरखालून गेलं. टाकी गेली. मी म्हटलं, "काका, सावकाश. सोडू नका."

"मी सरकारी नोकरीत कधी काही सोडलं नाही," काका म्हणाले.

ट्रक आमच्या दारात येऊन थांबला. वरून हुकवाला उतरला, पट्ट्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. "दादा, मागचं चाक बाहेर आहे. उचलतो."

"आत जातेय."

"जातेय म्हणजे गेली नाही."

"अहो, दिसत नाही का, जातेय ना."

"मला जेवढं बाहेर आहे तेवढंच दिसतं," हुकवाला म्हणाला आणि साखळी ओढत पुढे आला. त्याचा आवाज साधा होता. तो हुक कॅरियरकडे नेत होता, काकांच्या बोटांच्या बाजूनं, आणि मला त्या खिडकीतल्या बाईचे दोन तळहात दिसत होते. मी जीव खाऊन गाडी पुढे रेटली. त्याच क्षणी ट्रकमधून निरीक्षकांनी भोंगा वाजवला.

साहेब, हा भोंगा लक्षात घ्या. तो कशासाठी वाजवला ते तुमच्या निरीक्षकांनी अजून सांगितलेलं नाही. पण काकांचा उभा जन्म सरकारी नोकरीत गेलेला. सरकारी गाडीचा भोंगा वाजला की साहेब आले, आणि साहेब आले की हात बाजूला, पाठ ताठ. ते ताठ उभे राहिले. दोन्ही हात अंगालगत. कॅरियर सोडून.

गाडी निघाली.

मी हँडलला लटकलो होतो. पुढचा ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला. चाक जागच्या जागी घट्ट थांबलं, स्टँडवर. स्टँड चालत राहिला. साबणाच्या पाण्यावर त्या चार छोट्या चाकांना आवरणारं जगात कोणी नव्हतं. आम्ही टेबलापाशी आलो, टेबल बाजूला सरकलं, सभागृहाची लाल मखमल आमच्यावर आली, आणि पुढचं मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. खाट. फरशा. बादली, जिला तळ नव्हता तरी आवाज मोठा होता. दाराशी मी उजवीकडे गळून पडलो. मग पायरीवर एक धप्प, मग ओट्याला ठक्क, मग कुकरच्या झाकणाचं बराच वेळ गोल गोल फिरणं.

मी मखमल बाजूला केली. गाडी डोक्यावरून पदर घेऊन नव्या सुनेसारखी स्वयंपाकघरात उभी होती. वळलेलं हँडल दारातून अंग चोरून बरोबर आत गेलं होतं. स्टँड दोरी तोडून एकटाच पुढे जाऊन फ्रिजखाली थांबला होता.

मागून काकांचा आवाज आला. "एक वीत शिल्लक राहिली का?"

निरीक्षक आत आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला पाहिलं नाही. मागच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाहन गॅरेजात." मग वाकून दारातून पाहिलं. "वाहन स्वयंपाकघरात."

मी म्हटलं, "रस्त्यावर नाही ना?"

"रस्त्यावर नाही. पण राहत्या जागेत वाहन ठेवता येत नाही. मागे घ्या."

"तुम्हीच घेऊन दाखवा."

हे मी बोलायला नको होतं, पण त्यांनीही ऐकायला नको होतं. त्यांनी कॅरियर धरून जोर लावला, पाय साबणावर गेला, आणि ते फेसात बसले. ओळखपत्र पाण्यावर तरंगलं. कोणी हसलं नाही. समोरच्या आजींचं मी सांगत नाही.

ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. हुकवाल्यानं दारातून विचारलं, "साहेब, शटर उघडंच आहे. साखळी टाकून बाहेर ओढू का? बाहेर आली की रस्त्यावर. रस्त्यावर आली की उचलू."

निरीक्षकांनी पँट झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओढ."

मी दारात आडवा झालो. खरंच झालो, हात पसरून. "ओढून रस्त्यावर आणायची आणि रस्त्यावर आहे म्हणून उचलायची, हा कुठला नियम? दाखवा लिहिलेला."

"बाजूला व्हा."

"होणार नाही."

"मग तुमच्यावरही कारवाई होईल."

"करा. मलाही दाबून टाका."

साखळी माझ्या बगलेखालून आत गेली. हुक कॅरियरला लागला. टक. आणि त्या टक आवाजाबरोबर बाहेर रिक्षा थांबली.

बायको उतरली, मागून तिचा हात धरून बाबा. डोळ्यांत औषध, त्यावर काळा चष्मा. त्यांना ट्रक दिसला नाही, माणसं दिसली नाहीत. ते नेहमीसारखे पायरीशी आले आणि नेहमीसारखा त्यांचा हात बाजूला गेला, जिथे रोज सीट असते. तिथे हवा होती. हात थोडा पुढे गेला. थोडा खाली. मग नुसता तसाच राहिला.

"नेली का?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. आवाज इतका साधा होता की हुकवाल्यानं साखळी खाली ठेवली.

"नाही बाबा," मी म्हटलं. "आत आहे."

"गॅरेजात?"

"त्याच्या जरा पुढे."

"पुढे काय आहे?"

"स्वयंपाकघर," मी म्हटलं.

बायको म्हणाली, "अहो, कुठे?" ती मोठ्यानं बोलली नाही. मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं बाबांना पुढच्या दारानं आत नेलं. मी हुकापाशीच उभा होतो, तिथून दारातून मला सगळं दिसत होतं. बाबा स्वयंपाकघराच्या तोंडाशी येऊन थांबले. सवयीनं.

"आत येऊ?"

बायकोच्या समोर लाल मखमल काळ्या तेलात भिजलेली होती, फरशीवर साबणाचं तळं होतं, ओट्याला मोटारसायकल टेकली होती. ती म्हणाली, "बाबा, तुमची गाडी न विचारता आली. आता तुम्ही कशाला विचारताय?"

ते आत आले. हात पुढे करून दिवा सापडला. दिव्यावरून हँडल. त्यांनी ते चाचपलं, डावीकडे वळलेलं, मग हात चौकटीपर्यंत नेला, या बाजूची, त्या बाजूची. कान टवकारून उभे राहिले. गॅरेजात कोणीतरी साखळीवरून पाय काढला, ती वाजली.

"मागे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"निरीक्षक आहेत, बाबा. ओढून काढायची म्हणतायत."

"हं," बाबा म्हणाले. खिशातून किल्ली काढली, न बघता कुलपात घातली, फिरवली आणि हँडल सरळ केलं. सरळ झालेलं हँडल दाराच्या दोन्ही चौकटींना आतून भिडलं. जसं काही ते मापाचंच होतं. त्यांनी मागचा सरकारी माणूस ऐकू शकेल अशा बेतानं सांगितलं, "हँडल सरळ केलंय. आता ओढा. चौकट सोबत येईल, भिंतही थोडी येईल."

मागून मोजणीकाका पुढे झाले. भोंग्याला ताठ उभं राहिल्याची भरपाई ते करत होते. "भिंत पाडायची तर ते बांधकाम खातं," ते म्हणाले. "वाहन खात्याला पाडता येत नाही. मी त्या खात्याच्या शेजारी बसायचो."

निरीक्षकांनी मोबाइलवर कोणाशी तरी बोलून पाहिलं. पलीकडून काय उत्तर आलं माहीत नाही, पण ते "हो सर, स्वयंपाकघर" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग हुक सुटला. ट्रक गेला, स्कूटर घेऊन.

साहेब, आता खरं सांगतो. गाडी निघते. हँडल डावीकडे वळवायचं, फरशी कोरडी आहेच, दोघांनी मागून धरायचं, बाहेर. मोजणीकाकांनी मोजून दिलंय, या वेळी वळलेलं धरून. आम्ही काढत नाही.

का ते ऐका. त्याच संध्याकाळी मी पेट्रोल सगळं काढून टाकलं, शेगडीशेजारी तसली जोखीम नको, आणि बाबांना सांगितलं की आता चालू करता येणार नाही. ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या सकाळी गॅरेजातून आले, सीटवर बसले. पाठ गॅरेजात, हात स्वयंपाकघरात. ऐकायला इंजिन नव्हतं. बायको चहा टाकत होती. काही वेळानं ते म्हणाले, "भांडं मोठं घेतलंस. आवाजावरून कळतं." ती म्हणाली, "चार कप आहेत, काका यायचेत." मग कुठल्या घाटात खांब पडला होता आणि तिची आई तेव्हा काय म्हणाली होती, हे निघालं. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. बायकोनंही नाही. चहा उतू गेला.

आता रोज बसतात. चहा टाकीवर ठेवतात. परवा तहान लागली तर उठले, आत येऊन माठातून स्वतः पाणी घेतलं आणि पेला विसळून जागेवर ठेवला. बायको पाठमोरी उभी राहिली, वळलीच नाही. कुकरच्या कपाटाबद्दल ती आता तक्रार करत नाही. मखमलीचा डाग कापून काढला, सभागृहाचा पडदा थोडा आखूड झालाय. पहिल्या रांगेतल्यांना पाय दिसतील, दिसू देत. शिवणयंत्र पुढच्या खोलीत आलंय आणि टेबल मागच्या चाकाशेजारी. सगळं मावलं. मी म्हटलं होतं.

आणि आता तुमचा नवा कागद आलाय. राहत्या जागेचा वाहनतळ म्हणून वापर होत आहे, सबब सदर वाहन त्वरित योग्य जागी हलवावे. खाली तुमची सही. तीच, ठोकलेली.

योग्य जागा. हे दोन शब्द तुम्ही लिहिलेत. रस्त्यावर ठेवली तर तुम्ही तिला दाबून टाकणार. मैदानात ठेवायची तर गॅरेज पाडायचं. पुरती गॅरेजात ओढली तर कापायच्या टेबलाला जागा नाही, आणि तुमच्या खिडकीतल्या बाई म्हणतील गॅरेजात टेबल का. मी गोदामात काम करतो, कुठली वस्तू कुठे बसते ते मला कळतं. ही वस्तू बसलीय. तिच्यावर एक माणूसही बसलाय.

तुम्हाला ती हलवायची असेल तर सकाळी चहाच्या वेळी स्वतः या, निरीक्षकांना पाठवू नका. आणि त्या माणसाला तोंडावर सांगा, या घरात तुमची योग्य जागा कुठली ते. बाबा आता आत येताना विचारत नाहीत. मी विचारतोय. उत्तर द्या.